प्रायश्चित्ताचा कर्ता

हिंदू धर्मशास्त्रात प्रायश्चित्त हे पापकर्त्याने स्वतः करावयाचे कर्म होय. सातारा व सांगली येथील ख्रिस्ती मंडळ्यांत वाचल्या जाणाऱ्या मराठी बायबलात मात्र येशू हाच मानवाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त ठरतो. त्याचे मरण हा एकदाच व सर्वांसाठी झालेला यज्ञ होय. ‘लेवीय’ ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात हेच कर्म प्रमुख याजक बोकडाच्या रक्ताने करतो. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर यहुद्यांचे बलिदान थांबले. पश्चात्ताप, प्रार्थना व उपवास यांनी त्याची जागा घेतली. कोकणातील बेने इस्राएल या उपवासास ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. येथे कर्तृत्व बव्हंशी पुन्हा पापकर्त्याकडेच येते. शब्द एक, कर्ते निराळे. हा भेद न ओळखल्यास शेजाऱ्याच्या श्रद्धेवर अन्याय होतो.