जाहिरातही वाचायला शिकवू या

आपण मुलांना अक्षरे शिकवतो, धडे समजावून देतो, कविता पाठ करून घेतो. पण मुले दिवसभर जे सतत वाचत असतात, ते कसे वाचावे हे कोणी शिकवत नाही. ती म्हणजे जाहिरात. वर्तमानपत्रात, मासिकाच्या मलपृष्ठावर, रिक्षाच्या पाठीवर, मोबाइलवर, सगळीकडे ती असतेच.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. यंदा नववीच्या मुलांना मी सांगितले, महिनाभर जे वाचाल त्याची नोंद ठेवा आणि त्यावर स्वतःचे मत मराठीत लिहा. एका मुलीची वही वाचून मी थांबले. तिची परवानगी घेऊन, नाव न सांगता, त्यातले थोडे इथे मांडते.

तिने लिहिले होते की पुस्तक आपण शोधून आणतो. मासिक घरी येते आणि आपण न मागितलेले विषयही दाखवते. जाहिरात मात्र आपल्याला शोधत येते. पुढच्या पानावर तिने आपल्या ईदीचा हिशेब दिला होता. दोन वर्षे ते पैसे गोरेपणाच्या क्रीमवर गेले. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करायची तिची इच्छा होती, पण मंचावर गोऱ्या मुलीच शोभतात असे वाटून तिने नाव दिले नाही. वर्गात सर्वांत स्पष्ट उच्चार हिचेच आहेत!

हे तिच्या मनात कुठून आले? जाहिरातीतली सावळी मुलगी आधी खाली मान घालून उभी असते. क्रीम लावल्यावर तिला नोकरी मिळते, चांगले स्थळ येते. ही गोष्ट तिने लहानपणापासून पाहिली होती. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० साली कंपनीने नावातले 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. डबीवरचे नाव बदलले, पण आपल्या घरात 'मुलगी गुणाची आहे, रंग तेवढा दबलेला' असे बोलणे थांबले का? जाहिरातीला आयती जमीन आपणच करून देतो.

म्हणून सगळ्या जाहिराती वाईट, असेही मुलांना सांगू नये. 'किर्लोस्कर' हे नावाजलेले मराठी मासिक १९२० साली कारखान्याचे 'किर्लोस्कर खबर' म्हणून सुरू झाले आणि पुढे घराघरांत वाचले गेले. आजही बरीच मासिके वाचकाला परवडतात, कारण खर्चाचा काही भाग जाहिरातदार उचलतो. मुलांना एवढे कळले पाहिजे की लेख कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली.

वर्गात आम्ही जाहिराती कापून आणल्या आणि प्रत्येकीला चार प्रश्न विचारले. ही कोणी दिली? ती नेमके काय सांगते? बारीक अक्षरांत काय लिहिले आहे? ती वाचून मला स्वतःबद्दल काय वाटले? चौथ्या प्रश्नावर वर्ग शांत झाला. मग एकेक मुलगी बोलू लागली.

या प्रश्नांना कायद्याचाही आधार आहे. फसव्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल कमीपणा निर्माण करणारी जाहिरात चालणार नाही, असे त्यात म्हटले आहे. अटी दाव्याच्याच भाषेत छापाव्या लागतात. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळे नियम आले. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो आता त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

तरीही खरे काम घरातच होते. जेवण झाल्यावर अम्मी-अब्बांनी मुलांसोबत एखादी जाहिरात वाचावी आणि हे चार प्रश्न विचारावेत. मुलांच्या हाती दुसरे काही वाचायलाही द्यावे. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. उर्दूत मुंबईचे 'गुल बूटे' आहे. दादीला उर्दू वाचता येत असेल तर तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि नातीने तिला मराठी वाचून दाखवावे.

त्या मुलीने १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला सूत्रसंचालनासाठी स्वतःहून नाव दिले. क्रीम सोडली की नाही, हे मी विचारले नाही. आपल्या घरातही अशी एखादी मुलगी गप्प बसलेली असेल. तिच्या रंगाबद्दल पाहुण्यांसमोर काही बोलण्याआधी, ती सध्या काय वाचते आहे, एवढे तिला विचारा.