‘बॅकफायर’ : एक चिन्ह, अनेक कारणे

‘बॅकफायर’ ह्या एकाच शब्दाने दोन भिन्न घटनांचा निर्देश केला जातो. एकीत ज्वाला कार्बोरेटरमधून उलट उसळते. दुसरीत न जळलेले मिश्रण धुराच्या नळीत पेटून फटाक्यासारखा आवाज होतो. प्रस्तुत टिपणात दुसऱ्या घटनेचाच विचार केला असून उदाहरणादाखल १९६१ साली निघालेल्या जॅग्वार ई-टाइप मोटारीचे ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन घेतले आहे. चिन्हाचा अर्थ संदर्भावाचून ठरत नाही, हे भाषाभ्यासकाच्या परिचयाचे तत्त्व येथेही लागू पडते.

प्रथम आवाजाचा प्रसंग पाहावा. धावत्या मोटारीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताच तो येत असेल, तर सिलिंडरात ताजे मिश्रण अल्प व जळका वायू अधिक असतो. ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही व तसेच नळीत जाते. तेथे सैल सांध्यातून किंवा फुटक्या गॅस्केटमधून हवा शिरली, की त्याचा भडका उडतो. म्हणून अशा वेळी सांधे आधी तपासावेत. चढणीवर, भार घेताना होणारा आवाज अधिक गंभीर होय. तेव्हा ठिणगी चुकत असते, उशिरा पडत असते, अथवा धूर सोडणारी झडप पुरती मिटत नसते.

दुसरा प्रश्न दोषाच्या स्थानाचा. ह्या इंजिनास तीन एस्‌यू कार्बोरेटर असून प्रत्येकाकडे लगतचे दोन सिलिंडर असतात. सहाही प्लग काढून क्रमाने मांडावेत. एकच प्लग निराळा दिसल्यास तो प्लग, त्याची तार वा त्या सिलिंडरची झडप संशयास्पद ठरते. लगतची जोडी निराळी असल्यास कार्बोरेटर. सहाही सारखेच बिघडलेले असल्यास सर्वांना समाईक असलेली प्रज्वलनव्यवस्था.

तिसरे पथ्य असे, की एका वेळी एकच घटक बदलावा. ‘काळ’ आणि ‘काल’ ह्या जोडीत इतर ध्वनी कायम राहतात, म्हणूनच ‘ळ’ व ‘ल’ यांचा भेद सिद्ध होतो. त्याचप्रमाणे आधी डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमधील अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच आहे ना हे पाहावे. मग कंडेन्सर, नंतर ठिणगीची वेळ, आणि शेवटी कार्बोरेटर. कार्बोरेटरचा पिस्टन सुमारे १/३२ इंच उचलताच इंजिनाची गती वाढून तशीच राहिली, तर पेट्रोल अधिक. लगेच मंदावली, तर कमी. क्षणभरच वाढली, तर प्रमाण योग्य समजावे.

व्यवहारात मात्र क्रम उलटतो. कार्बोरेटर नजरेत भरतात, म्हणून प्रथम त्यांनाच हात लागतो. मूळ दोष ठिणगीचा असता पेट्रोल वाढविले, तर न जळलेले मिश्रण नळीत अधिकच जाते. उशिरा पडणारी ठिणगी दुर्लक्षित राहिली, तर झडपांच्या कडा जळतात व अखेर इंजिनाचे हेड उतरावे लागते. पॉइंट तपासण्याचे काम त्यामानाने काही मिनिटांचे असते. आवाजाला नाव देणे म्हणजे निदान नव्हे, हाच येथील निष्कर्ष होय.