सौर पंप वेगळा, छतावरचं पॅनेल वेगळं

'सौर बसवलं की बिल शून्य' अशी चर्चा गावोगाव आहे. पण शेतकरी बंधूंनी दोन गोष्टींची गल्लत करू नये. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरली की पंप मिळतो; मात्र तो महावितरणच्या तारेला जोडलेला नसतो. भरणं संपलं की उरलेली वीज विकता येत नाही. घराच्या छतावर मात्र नेट मीटर बसतो. दिवसा उरलेले युनिट तारेत जातात, रात्रीच्या वापरातून वजा होतात. स्थिर आकार तरीही भरावाच लागतो. १ किलोवॅटमागे महिन्याला साधारण १२० युनिट धरा. बारा महिन्यांची बिलं पाहा, मगच किलोवॅट ठरवा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना जाहीर झालेली मोफत वीज मार्च २०२९ पर्यंतचीच आहे. ग्रामपंचायतींनी हा हिशेब ग्रामसभेत मांडावा.