टायमिंग ‘उचललं’ की गाडी पळते?

जुन्या पद्मिनीचं बॉनेट उघडून चार जण उभे राहिले, की त्यातला एक हमखास म्हणतो, “टायमिंग थोडं उचला, मग बघा कशी पळते!” मग डिस्ट्रिब्युटरचा नट सैल होतो, चालू इंजिनावर तो हाताने फिरवला जातो, आवाज चढतो आणि “आता बसलं” म्हणून नट आवळला जातो. गेली वीस वर्षं मी हे बघतोय आणि दर वेळी जीव कळवळतो. कारण ते बसलेलं नसतं, बिघडलेलं असतं.

आरपीएम वाढले, हे खरं. पण तेव्हा गाडी उभी होती. आयडलला सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडंच येतं आणि ते सावकाश जळतं, त्यामुळे टायमिंग उचललं, म्हणजे ठिणगी लवकर पडू लागली, तरी ते इंजिनाला मानवतं. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की तोच सिलिंडर गच्च भरतो आणि ज्वाला झपाट्याने पसरते. उभ्या गाडीवर कानाने लावलेलं टायमिंग तिथे चालत नाही.

ठिणगी पडली म्हणजे लगेच सगळं पेटलं असं होत नाही. ज्वाला पसरायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, ८०० ला जेमतेम ५. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. ही वाढ डिस्ट्रिब्युटरमधली वजनं बाहेर फेकली जाऊन आपोआप देतात. आपण हाताने दिलेले अंश त्यावर चढतात. शिवाय डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो ५ अंश हलवला तर टायमिंग १० अंशांनी सरकतं. ‘थोडं’ म्हणतात ते एवढं असतं!

शंका असेल त्यांनी जॉन हेवूड यांचा इंजिनांवरचा १९८८ चा ग्रंथ उघडावा. जास्तीत जास्त टॉर्क मिळतो तेव्हा कमाल दाब पिस्टनने वरचं टोक ओलांडल्यावर साधारण १६ अंशांवर येतो, असं त्यात आहे. तो फार आधी आला तर वर येणाऱ्या पिस्टनलाच खाली रेटतो. पॉवर वाढत नाही, घटते. आणि उरलेलं मिश्रण आपोआप भडकून टणटण सुरू होते, ते नॉकिंग.

माझ्या टेबलावर अशा इंजिनातला एक पिस्टन आहे. वरच्या रिंगच्या खोबणीवरची कड उंदराने कुरतडावी तशी गेली आहे. मालक म्हणाले होते, “घाटात थोडा आवाज यायचा, पण गाडी छान पळत होती.”

जुन्या ड्रायव्हरांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. हँडल मारून इंजिन सुरू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे ते नवशिक्याला आधी शिकवत. टायमिंग जास्त पुढे असलं तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं.

“मग मागे ठेवलेलं सुरक्षित.” तेही नाही, उशिरा जळालेला वायू जळत जळत बाहेर पडतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात, इंजिन तापतं. “इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की टायमिंग लावायला नको.” ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची झीज संपते, टायमिंग लावावंच लागतं. “डिस्ट्रिब्युटरवरचा व्हॅक्यूमचा पाइप काढून टाका.” हलक्या ॲक्सिलरेटरवर चालताना मायलेज त्याच पाइपामुळे टिकतं. “ई-२० चा ऑक्टेन आकडा ९५ आहे, आता हवं तेवढं उचला.” ऑक्टेन नॉकिंग रोखतो, वेळेआधी आलेला दाब वाया जायचा तो जातोच.

आधी फीलर गेजने पॉइंटचा गॅप लावा, कारण गॅप वाढला की टायमिंगही पुढे सरकतं. मग मॅन्युअलमधल्या अंशावर खूण जुळवून पॉइंट उघडायचा क्षण टेस्ट लॅम्पने पकडा. स्ट्रोब लाइटने तपासताना व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा आणि झाल्यावर परत जोडा. त्यानंतर गाडी चढावर न्या. चढावर टणटण ऐकू आली, तर कोणी काहीही म्हणो, त्याच दिवशी एक-दोन अंश मागे घ्या.