राउटरशी बोलावे कसे?

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले. ते सुरळीत व्हायला सुमारे सहा तास लागले. हा कोणाचा हल्ला नव्हता. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे फेसबुकच्या माहिती-केंद्रांना जोडणारे सारे दुवे तुटले, असा खुलासा कंपनीने नंतर केला. चुकीची आज्ञा अडवणारी तपासणीची सोयही त्या वेळी सदोष निघाली. एका आज्ञेत एवढे सामर्थ्य कसे असते, ते आपण पाहू.

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागलेला असतो. प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता वाचून त्याला पुढच्या वाटेला लावणारे यंत्र म्हणजे राउटर. टपाल कचेरीतील पत्रे निवडणाऱ्या कारकुनाचेच हे काम! मोठ्या राउटरला स्वतःचा पडदा किंवा कळफलक नसतो. त्याला तारेने संगणक जोडतात, किंवा दुरून जाळ्यातूनच संपर्क साधतात, आणि इंग्रजीत आज्ञा टंकित करतात.

अमेरिकेत १९८४ साली स्थापन झालेल्या सिस्को कंपनीच्या राउटरचे उदाहरण घेऊ. येथे आज्ञांच्या पायऱ्या आहेत. पडद्यावर राउटरच्या नावापुढे > हे चिन्ह दिसले, की तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. येथे थोडीफार माहिती पाहता येते. बदल करता येत नाही. ‘एनेबल’ ही आज्ञा देऊन परवलीचा शब्द सांगितला, की > च्या जागी # येते. आता सर्व मांडणी तपासता येते. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटले, की तिसरी पायरी: येथे पूर्ण राउटरला लागू होणारे बदल होतात. त्यानंतर ‘इंटरफेस’ या शब्दापुढे जोडणीचे नाव दिले, की फक्त त्या एका जोडणीपुरते बोलता येते. ‘एक्झिट’ने एक पायरी खाली उतरता येते, ‘एंड’ने थेट # पर्यंत. अडलात तर प्रश्नचिन्ह टंकित करा. त्या पायरीवर चालणाऱ्या आज्ञांची यादी समोर येते.

प्रयोगशाळेत मापकावरचा आकडा कोणीही वाचावा, पण मंडलाच्या तारा बदलण्यापूर्वी परवानगी घ्यावी, तसाच हा नियम आहे. कारण येथे दिलेली आज्ञा तत्क्षणी अमलात येते. ‘शटडाउन’ म्हणताच जोडणी बंद. ‘नो शटडाउन’ म्हटले की पुन्हा सुरू. पण ज्या जोडणीतून तुम्ही दुरून बोलत आहात, तीच बंद केलीत तर? मग ‘नो शटडाउन’ सांगायला वाटच उरत नाही! बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचाच हा प्रकार. फेसबुकच्या अभियंत्यांनाही शेवटी माहिती-केंद्रांत माणसे पाठवावी लागली.

यावर एक सुरेख उपाय आहे. राउटरमध्ये मांडणीच्या दोन प्रती असतात. चालू प्रत तात्पुरत्या स्मृतीत, तर आरंभीची प्रत वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत. बदल होतो तो चालू प्रतीत. म्हणून जाणकार अभियंता धोक्याचा बदल करण्यापूर्वी # पायरीवर ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देतो. संपर्क तुटलाच, तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप पुन्हा सुरू होतो आणि जुनी, जतन केलेली मांडणी उचलतो. सारे ठीक असेल, तर ‘रीलोड कॅन्सल’ म्हणायचे आणि मगच चालू प्रत आरंभीच्या प्रतीवर उतरवायची. हे उतरवणे विसरलात, तर वीज जाताच सारे श्रम वाया!

राउटर विकत न घेताही हे शिकता येते. सिस्कोची ‘पॅकेट ट्रेसर’ ही संगणक-प्रणाली नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळते. तिच्यात एका राउटरच्या दोन जोडण्यांना दोन संगणक जोडा. एका जोडणीला १९२.१६८.१.१ आणि दुसरीला १९२.१६८.२.१ हा पत्ता द्या. दोन्हींसाठी मास्क २५५.२५५.२५५.०. संगणकांना १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.२.१० हे पत्ते द्या, मास्क तोच. दोन्ही जोडण्या ‘नो शटडाउन’ने सुरू करा. आता एका संगणकावरून दुसऱ्याला ‘पिंग’ करा. उत्तर येणार नाही. का बरे? प्रत्येक संगणकाला आपल्या गल्लीबाहेर पडण्याचे दार, म्हणजे ‘गेटवे’, कोणते हे सांगायचे राहिले आहे. तो पत्ता कोणता असेल, हे मात्र तुम्हीच शोधा!