जुन्या लुगड्यांची ऊब

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला की पेटीच्या तळाशी पडलेल्या गोधडीची सर्वांना आठवण होते. कोठे तिला वाकळ म्हणतात, तर कोठे कौदी. नाव कोणतेही असो, जीर्ण वस्त्रांना पुन्हा उपयोगी करण्याची ही आपल्या गृहिणींची जुनी विद्या आहे.

गोधडीला ऊब कोठून येते? कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. एकावर एक ठेवलेल्या पदरांमध्ये जी हवा अडकून राहते, ती अंगातील उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कापडापेक्षा पातळ कापडाचे अनेक पदर अधिक उबदार होतात. वापरून मऊ झालेले सुती लुगडे या कामी उत्तम.

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर असते. त्याची लांबीकडून चार पदरी घडी घातली म्हणजे दोन मीटर लांबीची, एका माणसापुरती गोधडी सहज निघते. ते नसल्यास जुने धोतर, चादर वा मुलांचे आखूड झालेले कपडे जोडून घ्यावेत. प्रथम सर्व कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. गुंड्या व आकडे काढून टाकावेत. विरलेले कापड आत आणि धड कापड बाहेर ठेवावे. नायलॉन किंवा पॉलिएस्टर यांत मिसळू नये. ते घाम शोषीत नाही आणि शेगडीची ठिणगी पडल्यास वितळून अंगाला चिकटते.

पदर जमिनीवर अंथरून मध्यापासून कडेकडे हात फिरवीत सुरकुत्या काढाव्यात व मोठ्या कच्च्या टाक्यांनी सर्व थर टाचून घ्यावेत. ही पायरी गाळली तर पदर सरकतात आणि मध्यभागी चुण्या साठतात. मग कडा दुमडून, जाड सुई व दुहेरी सुती दोरा घेऊन काठापासून आत आत धावदोरा घालीत यावे. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडील सिद्दी स्त्रिया आपली कवंदी अशाच रीतीने काठाकडून मध्याकडे शिवतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कवंदीच्या कोपऱ्यांवर त्या घडी घातलेले कापडी त्रिकोण लावतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. ज्यांच्यापाशी फार थोडे होते त्यांनीही सौंदर्याचा हक्क सोडला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत एकटी गोधडी पुरणार नाही. तेथे कापसाची रजई हवीच. पण रजईखाली अंथरायला गोधडीसारखे दुसरे काही नाही. बेळगावात किंवा गोव्यात मात्र बहुतेक रात्री तेवढ्यावर निभावतात.

आज बाजारात तयार ब्लँकेटे स्वस्त मिळतात, आणि गोधडी हे दारिद्र्याचे लक्षण समजून अनेकजण ती पाहुण्यांच्या दृष्टीआड ठेवतात. अशाने वस्तूबरोबर विद्याही जाते, कारण ती पुस्तकांत थोडी आणि आजीच्या बोटांत अधिक आहे. म्हणून या हिवाळ्यात घरातील वृद्धेजवळ मुलामुलींना बसवावे आणि निदान एका पाळण्यापुरते दुपटे त्यांच्याकडून शिववून घ्यावे. टाके वाकडे पडले तरी चालतील. ऊब त्यात तितकीच राहील.