वर्णनाचा रकाना

गेल्या तिमाहीत आमच्या कंपनीने टेक्निकल रायटरची उरलेली एकमेव जागा रद्द केली. कारण लेखी दिलं होतं: कंपोनंट्सचं डॉक्युमेंटेशन आता बिल्डमधलं प्लगिन तयार करतं, या कामाला माणूस लागत नाही. वाचून संताप आला. ते प्लगिन बिल्डमध्ये यावं म्हणून मीच भांडलो होतो आणि आजही ते मला हवंच आहे. पण त्याच्या नावावर जे खपवलं जातंय, ते खरं नाही.

ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. जेक्वेरी प्लगिनच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. रीडमी असली तर नशीब, नसली तर सोर्स उघडायचा. २०११ मध्ये अॅमस्टरडॅमच्या फ्रंटियर्स परिषदेत अॅलेक्स रसेलने वेब कंपोनंट्सची, म्हणजे स्वतःचे एचटीएमएल टॅग बनवायची, कल्पना मांडली आणि २०१३ मध्ये गुगल आय/ओमध्ये त्यासाठीची पॉलिमर ही लायब्ररी आली. माझ्यासारख्यांची उमेदीची दहा वर्षं तिथून सुरू होतात.

दमछाक करणारी वर्षं होती ती. कस्टम एलिमेंट्सची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये क्रोममध्ये आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मोझिलाने एचटीएमएल इंपोर्ट्स आपण आणणार नाही असं जाहीर केलं. २०१६ मध्ये नवी आवृत्ती आली, ती सफारीत २०१७ ला, फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०१८ ला आणि एजमध्ये जानेवारी २०२० ला पोहोचली. पुढच्याच महिन्यात क्रोम ८० ने जुनी आवृत्ती काढून टाकली. दरवेळी आम्ही तेच कंपोनंट नव्याने लिहिले आणि दरवेळी मीटिंगमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगायचं की वेब कंपोनंट्स संपले, सगळं रिअॅक्टमध्ये करा. त्या मंडळींना एवढंच सांगतो: डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअॅक्ट १९ ने कस्टम एलिमेंट्सना पूर्ण पाठिंबा दिला. ज्याला संपलेलं म्हणत होता, त्याच्यासाठी तुमच्याच घराचं दार उघडलं.

त्या काळातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आठवते. पॉलिमरच्या एलिमेंट्सची सोर्स फाइल उघडली की आधी लांबलचक कॉमेंट यायची. हे एलिमेंट कशासाठी आहे, कसं वापरायचं, एखादं उदाहरण, आणि खाली स्टायलिंगचा तक्ता: कुठलं सीएसएस व्हेरिएबल, ते काय करतं, मुळात किती असतं. हायड्रोलिसिस नावाचं टूल तो सोर्स वाचायचं आणि त्यातून ब्राउझरमध्ये डॉक्युमेंटेशनचं पान उभं राहायचं. म्हणजे मेटाडेटा यंत्राने काढायची कल्पना तेव्हाही होती. फरक इतकाच की काढण्याजोगं काहीतरी माणसाने आधी लिहिलेलं असायचं. आमच्या टीमच्या टेक्निकल रायटर बाईंनी त्या कॉमेंट्स वाचूनच आमची पद्धत घालून दिली. कोड रिव्ह्यूला त्या बसायच्या. ‘हे कधी वापरायचं नाही, ते लिहा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग पॉलिमर मागे पडलं, लिट आलं, स्टेन्सिल आलं आणि मेटाडेटाचा प्रत्येकाचा साचा वेगळा झाला. २०२१ मध्ये कस्टम एलिमेंट्स मॅनिफेस्ट या सामायिक साच्याची १.०.० आवृत्ती ठरली. ओपन वेब कंपोनंट्सच्या अॅनालायझरने तो साचा भरून द्यायला सुरुवात केली आणि मोठा प्रश्न सुटला. हा अॅनालायझर कोड चालवत नाही. टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरकडून सोर्सचं सिंटॅक्स ट्री घेतो आणि त्यात क्लास, टॅगचं नाव, अॅट्रिब्यूट, प्रॉपर्टी, मेथड, इव्हेंट शोधतो. हाती येते ती एक जेसन फाइल. पॅकेज.जेसनमध्ये तिचा पत्ता देतात आणि स्टोरीबुकसारखी टूल्स तिच्यावरून तक्ते मांडतात.

सुरुवातीला हा अॅनालायझर चालवायची वेगळी कमांड होती. रिलीजच्या गडबडीत ती राहून जायची आणि पॅकेजसोबत मागच्या आवृत्तीची माहिती बाहेर पडायची. ती व्हीट किंवा रोलअपच्या प्लगिनमध्ये बसवली की बिल्ड सुरू होतानाच फाइल ताजी होते. डेव्ह सर्व्हर चालू असताना सोर्स बदलला तर तीही बदलते. कोड आणि तक्ता यांच्यात तफावत राहत नाही. यासाठी मी भांडलो, आणि उद्या पुन्हा भांडेन.

आता आमच्या तारीख निवडायच्या कंपोनंटची नोंद पाहा. इव्हेंटच्या यादीत चेंज आहे, प्रकार कस्टम इव्हेंट. कोडमधला डिस्पॅच पाहून प्लगिनने ते बरोबर ओळखलं. वर्णनाचा रकाना रिकामा. बाईंच्या काळातल्या कॉमेंटमध्ये तिथे लिहिलं होतं: ‘वापरणाऱ्याने तारीख निवडली तरच हा इव्हेंट येतो, कोडमधून व्हॅल्यू बदलली तर येत नाही.’ एका रिफॅक्टरिंगमध्ये ती ओळ उडाली. बिल्ड हिरवा राहिला. ज्या टीमने तो इव्हेंट कोडमधल्या बदलासाठीही येईल असं गृहीत धरलं, तिच्या स्क्रीनवर जुनी तारीख तशीच राहिली आणि कारण शोधण्यात दोन टीम अडकल्या. स्लॉट, सीएसएस पार्ट, सीएसएस व्हेरिएबल यांचंही तेच. त्यांचे टॅग जेएसडॉक कॉमेंटमध्ये कुणी लिहिले, तरच ते बहुतेक वेळा मॅनिफेस्टमध्ये येतात. लिहिणारं कुणी नसेल तर ते असूनही नसल्यासारखे.

रकाने भरलेले दिसतात म्हणून व्यवस्थापनाला काम झालंय असं वाटतं. नाव आहे, टाइप आहे, डीफॉल्ट आहे. तक्ता देखणा दिसतो. आता तर कोड लिहून देणाऱ्या एआय सहायकांनाही हीच फाइल वाचायला देतात. वर्णन नसेल तर ते अंदाज बांधतात, आणि तो अंदाज एका माणसापाशी थांबत नाही, अनेकांच्या कोडमध्ये उतरतो. लिहिणाऱ्या माणसाची गरज उलट वाढली आहे, आणि नेमकी त्याच वेळी आम्ही त्याला घरी पाठवतो आहोत.

ज्यांच्या हातात कंपोनंट लायब्ररी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अॅनालायझरला स्वतःची प्लगिन्स जोडता येतात आणि त्यांच्या शेवटच्या टप्प्यात पूर्ण मॅनिफेस्ट हाताशी असतं. तिथे प्रत्येक पब्लिक अॅट्रिब्यूट, इव्हेंट आणि स्लॉटचं वर्णन तपासा, आणि ते रिकामं असेल तर बिल्ड पाडा. मग ती वाक्यं लिहायला जाणतं माणूस नेमा, त्याला रिव्ह्यूमध्ये बसवा आणि डेव्हलपरइतका पगार द्या.